धोतराचं झबलं

वडील गेल्यावर आईनं त्यांचं एकच धोतर ठेवून घेतलं. बाकीचे कपडे वाटून टाकले. गाव सोडून भोसरीला आमच्या खोलीवर आली तेव्हा ते तिच्या पिशवीत होतं. नातवाच्या बारशाला आजोबांच्या धोतराचं झबलं घालायचं, हे तिनं सून बाळंतपणाला माहेरी गेली त्याच दिवशी ठरवून टाकलं. धोतर जागोजागी विरलेलं, झबल्यापुरताच तुकडा धड निघाला.

लेकराच्या अंगाला पांढरं नको, आणि दुकानातल्या रंगावर तर तिचा काडीचा विश्वास नाही. मग डाळिंबाच्या साली वाळवल्या, तुरटी घालून उकळल्या. तुकडा इतका सुरेख पिवळा झाला की माझ्यासारखा दोष काढणाराही गप्प बसला.

मी लेथवर काम करतो. शिफ्टवरून आलो की वर्दी बादलीत भिजवतो आणि तिच्यातला लोखंडाचा चुरा तळाशी बसतो. त्या दिवशी वर्दी पिळून काढली, पण पाणी ओतायचा कंटाळा केला. आईला डोळ्यांनी कमी दिसतं. तिनं तुकडा त्याच पाण्यात खळबळला. डाळिंबाच्या रंगाला लोखंड लागलं की तो काळा पडतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? पिवळ्यावर शाई सांडल्यासारखे डाग उमटले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती तुकडा मांडीवर घेऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांची राहिलेली एवढीच वस्तू मी आळसापायी घालवली होती. बारशाला चऱ्होलीला सासुरवाडीत बाजारचं झबलं घेऊन गेलो.

संक्रांतीच्या तोंडावर बायको बाळाला घेऊन खोलीवर परतली, तेव्हा आईनं तो तुकडा परत काढला.

"गंजके खिळे आण मूठभर," म्हणाली. "बोरन्हाणाला काळंच लागतंय की."

खिळे गुळाच्या पाण्यात आठवडाभर मुरले. गाळलेल्या पाण्यात तिनं तुकडा बुडवला, मी शेजारी देवाचं नाव घेत उभा. आधी डाग पसरले, मग डाग कुठं होते तेच कळेना. सगळा तुकडा एकसारखा काळा निघाला. गंगेत घोडं न्हालं एकदाचं.

दहा पाण्यांतून काढून तिनं हातानं झबलं शिवलं. बोरं आणि चुरमुरे डोक्यावरून पडत असताना चिरंजीवांनी ते मनसोक्त ओलं केलं. आईनं धुवायला बादली मागितली. मी आधी ती तीनदा घासली, मगच भरून दिली. तिनं झबलं चोळलं, पिळलं. पाणी नितळच राहिलं, आणि माझ्या छातीवरचा दोन महिन्यांचा दगड उतरला.

आईनं झबलं माझ्या वर्दीशेजारी दोरीवर टाकलं.

"आता दोन्ही एका बादलीत घातलंस तरी चालतंय," ती म्हणाली.