घरून आणलेला निळा

कुंभकोणमला कावेरीच्या घाटावर तो दर रविवारी दिसे. तिरुभुवनमच्या विणकरांसाठी रेशीम रंगवणारा, कोपरापर्यंत हात लाल. लडी धुतली की तिच्यावर नमुन्याचा धागा ठेवी, एक डोळा मिटी आणि मान कलती करून बघत राही. नाव मी कधी विचारलं नाही.

मी कलेक्टर कचेरीतला कारकून. विलायती पुस्तकावरून तैलरंगात नदी काढायला शिकत होतो. पण पाणी काही आडवं पडेना, भिंतीसारखं उभंच राही. आज जमलं नाही तर रंगांची पेटी कावेरीत सोडायची, असं त्या सकाळी ठरवूनच आलो होतो.

तो मागे येऊन उभा राहिला, एक डोळा मिटून.

"सामी, हा निळा घरून आणलात?"

मी चिडलो. "नदी निळीच असते!"

"असेल एखादी. ही नाही."

मी रंगाच्या सुरीवर गेरू आणि जरासा हिरवा कालवला, सुरी नदीसमोर धरली आणि एक डोळा मिटला. सुरीवरचा रंग पाण्यात दिसेनासा झाला.

"जुळला," म्हणत तो लडी पिळायला गेला.

पेटी घरी परत आली. निळ्याची नळी मात्र मी घाटावर विसरलो, अगदी आठवणीनं.