मावशीची खिडकी आणि माझं मांजर

दोस्तांनो, माझं काळ्या कापडावरचं क्रॉस स्टिचच्या भरतकामाचं मांजर आठवतंय? रविवारी ताईच्या बाळाचं बारसं आहे, त्याला द्यायचंय. काल मांजराचा कान परत चुकला, परत उसवला. आज सुट्टी होती, म्हणून सगळं पिशवीत कोंबून लालबागला मावशीकडे गेले.

मावशी एकाच वेळी क्रॉस स्टिचची तीन चित्रं करते आणि तिन्ही पुढे सरकतात. मला वाटायचं तिला पेशन्स जास्त आहे. पण तिची सिस्टिमच भारी आहे. सकाळच्या उन्हात खिडकीत बसून काळं कापड. कुकर लावला की एकाच रंगाचं आकाश, कारण मध्येच उठावं लागतं. सिरियल बघताना नुसती बॉर्डर.

“तू मांजर कधी करतंस गो?” तिने विचारलं.

“ऑफिसवरून आल्यावर. ट्यूबलाइटमध्ये.”

“बाय माझे, काळ्या कापडाची भोकं त्या उजेडात मांजरालाच दिसतील.”

मग तिने स्वतःचं काळं कापड गुंडाळलं, मला खिडकीतली जागा दिली आणि कुकर लावायला गेली.

ऊन सरकेपर्यंत दोन्ही कान झाले. रविवारपर्यंत होईल, असं पहिल्यांदाच वाटतंय.

तुमच्या घरी सकाळचं ऊन कुठल्या खिडकीत येतं? आणि तिथे कोण बसतं?