हिवाळ्यातला कूलर

"मामा गेले वं," मामी फोनवर म्हणाली तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मी फक्त "कधी?" विचारलं. मनात आलं ते वेगळंच होतं... आता माझी गोष्ट कुणी करून दाखवणार नाही.

मामा मानसशास्त्र शिकलेले समुपदेशक होते आणि एकपात्री कलाकारही. आठवडाभर खामगावच्या खोलीत लोकांचं ऐकायचे, रविवारी गावोगाव प्रयोग करायचे. या दुहेरी कामाबद्दल गेल्या महिनाभरात पुष्कळ गोड छापून आलं. मला गोड लिहिता येणार नाही. त्यांच्या खोलीला प्लायवूडची भिंत होती आणि पलीकडे थांबलेल्यांचा बाक. आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून मामा कूलर लावायचे, हिवाळ्यातसुद्धा, पाणी न भरता. लोक शाल पांघरून, त्या घरघरीत आपलं दुःख सांगायचे. आठवीत असताना मीही सांगितलं. माझा वर्गात आवाज फुटत नसे, म्हणून आईनेच मला त्यांच्याकडे पाठवलं होतं. मी रोज पहाटे बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून "प्रेझेंट, मिस" म्हणायचा सराव करते, हे आईलाही माहीत नव्हतं. मामांनी कूलरकडे बोट दाखवलं. "इथलं बाहेर जात नाही."

त्याच थंडीत सोनाळ्याला त्यांचा प्रयोग होता. आम्ही पुढच्या रांगेत बसलो होतो. मामांनी टॉवेलची वेणी केली, स्टेजवर बादली आणली, तिच्यात तोंड घातलं आणि "प्रेझेंट, मिस" म्हटलं. कधी रडत, कधी चिरकत, कधी गाणं म्हटल्यासारखं. मंडप हसून लोळला. आई डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

परतताना गाडीत मी विचारलं, "का केलंत?"

"नाव घेतलं काय मी तुयं?" मामा शांतपणे म्हणाले. "लोकं हासले, त्यायचं मन हलकं झालं."

"माझं नाही झालं."

"होईन. तू आधी सोतावर हासाले शीक."

सोनाळ्याची एक मुलगी माझ्या वर्गात होती, तिने तो प्रयोग पाहिला होता. सोमवारी हजेरीला माझं नाव आलं आणि मागच्या बाकावर कुणीतरी बादलीसारखा डबा वाजवला. त्यानंतर मी फक्त हात वर करू लागले. अजूनही मीटिंगमध्ये तेच करते.

शोकसभेत उंद्रीच्या एक काकू माझा हात धरून म्हणाल्या, "त्यायनं मले हासवलं म्हनून मी जित्ती हाये, बाई." खरं असेल. पण त्यांच्या हसण्याला माझी बादली लागली. मामी म्हणाली, "तू लिहितं, तू बोल मामावर दोन शब्द." मी मान हलवून नाही म्हटलं.

परवा खोली रिकामी करायला गेले. मामी बाहेर बाकावर बसून राहिली. आत त्यांची खुर्ची होती, खिडकीत कूलर होता, जाळीवर धूळ बसलेली. मी बटण दाबलं. तीच घरघर सुरू झाली. मग खुर्चीकडे तोंड करून, इतक्या वर्षांत जे म्हणायचं होतं ते सगळं मोठ्याने म्हटलं. कुठेही अडखळले नाही.

बाहेर आल्यावर मामीने विचारलं, "काय बोलून राह्यली होती वं? काई ऐकू नाई आलं."

काय बोलले ते मी इथेही लिहिणार नाही.