भाचीचा कापलेला सीपीएफ

आमच्या सिंगापुरातल्या मराठी मंडळींत कोणाकडे इथे राहायचा कुठला पास आहे, हे थेट विचारत नाहीत. आडून काढतात. फ्लॅट भाड्याचा की घेतलेला? मुलगा आर्मीत जाऊन आला का? ती सक्ती नागरिकांच्या आणि कायम रहिवाशांच्याच मुलांना. अशा चौकशीत मी तरबेज, निदान तसा माझा समज होता.

म्हणून एक कॉलेजची मुलगी पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात सुट्टीपुरती कामाला लागली, तेव्हा पगाराचं काम माझ्याकडे असूनही मी तिला पास विचारलाच नाही. तिची मावशी माझ्या ओळखीची, सिंगापूरची नागरिक. भाची तिच्याकडेच राहणारी. म्हणजे पीआर, इथली कायम रहिवासी, असणार, टाकलं ठरवून. ती होती कोल्हापूरहून शिकायला आलेली, स्टुडंट पासवर. अशांचा सीपीएफ, म्हणजे इथला प्रॉव्हिडंट फंड, कापायचाच नसतो. मी पगाराचा पाचवा हिस्सा कापला. भरायला गेलो तर सीपीएफमध्ये तिच्या नावाचं खातंच नाही! पैसे कंपनीतच पडून राहिले.

तेव्हाच बॉसबाईंना सांगायला हवं होतं. पण ऑफिसात सीपीएफवर प्रवचनं झोडणारा मीच. जीभ उचलेना.

मुलगी आली. "काका, स्टुडंट पासवाल्यांचा सीपीएफ कापत नाहीत म्हणे. पैसे परत कधी? आंग मो किओला खोली बघितलीय, डिपॉझिट द्यायचंय. नाहीतर मावशीकडेच राहावं लागेल. ती दहा वाजता वायफाय बंद करते हो!"

"सरकारकडे गेलेत ना," मी ठोकून दिलं. "सरकारी काम. वेळ लागणार."

ही थाप इथल्या शाळकरी पोरानंही मानली नसती. कोल्हापूरच्या पोरीनं मात्र समजूतदारपणे मान हलवली. पुढे पुढे तर तीच मला धीर द्यायला लागली. "असू दे काका, तुम्ही तरी काय करणार!"

शेवटी वर्गातली तिची इथलीच मैत्रीण हसत सुटली. "सरकार स्लो? इथे? कॅनॉट लाह! शक्यच नाही. सीपीएफवाल्यांना फोन कर." भाचीनं केला आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"काका, माझ्या नावावर तिकडे काही आलेलंच नाही म्हणे. मग पैसे आहेत कुठे?"

मी उठून बॉसबाईंच्या केबिनमध्ये गेलो. चूक सांगितली. लपवली होती, हे नाही सांगितलं. "तिचेच पैसे ना? मग आजच दे," एवढंच बोलून बाई स्क्रीनकडे वळल्या. संध्याकाळी पैसे मुलीच्या बँक खात्यात. खोली मात्र तोवर दुसऱ्या कोणी घेतली होती.

रविवारी मावशींचा फोन. "भाऊजी, पोरगी वेगळं राहायचं म्हणत होती. पैसे तुम्ही मुद्दामच अडवलेत ना? कळलं हो मला. फार उपकार झाले!"

"अहो, त्यात काय," मी म्हणालो.

त्यांनी बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवला, तोही भाचीच्याच हाती. तिनं तो पुढे केला. मी घेतला. लाडू उत्तम झाले होते. सगळे एकट्यानं संपवले. घरी नेले असते, तर बायकोनं विचारलं असतं, कशाबद्दल आले म्हणून.