जीपच्या ऑइलचे दोन पाईप

जीपखाली ऑइलचा डाग दिसला सोमवारी सकाळी, आणि आक्काला न्यायचं होतं गुरुवारी.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तळेघरच्या वरच्या अंगाला राहते, भात आणि नाचणी करते. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती, त्या वाटेनंच तिची सोयरीक डोंगरात जुळली. तिचा मोतीबिंदू पिकला होता. घोडेगावला ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा ती ऐन वेळी घाबरून घरात बसली. या खेपेला फोनवर म्हणाली, "तू सोता तुजी गाडी घेऊन आलास तर येईन. परक्याच्या गाडीत मी बसायची न्हाई." मी म्हणलं, "आलो म्हणून समज." ही खेप हुकली तर ती परत कबूल होणार नव्हती.

पोरगा म्हणाला, "आबा, गॅरेजला लावा. न्हाईतर माजी गाडी न्या." मी म्हणलं, तुझी गाडी तिकडं चढायची नाही, तिचं पोट दगडाला लागतं. ते खरंच होतं. पण गॅरेज नको म्हणण्यामागं माझा ताठा होता. शाळेत मी चार बुकंसुद्धा धड केली नाहीत, पण या जीपला दुसऱ्याचा पाना कधी लागू दिला नाही.

गोणपाट टाकून खाली शिरलो. इंजिनाच्या बगलेतून दोन पाईप निघतात आणि पुढं जाळीमागच्या छोट्या रेडिएटरला जातात. त्यालाच ऑइल कूलर म्हणतात. एका पाइपातून तापलेलं ऑइल पुढं जातं, वाऱ्यावर निवतं, दुसऱ्यातून माघारी येतं. पाईप मधे रबरी, टोकांना लोखंडी. रबर जिथं लोखंडात दाबून बसवलेलं असतं, तिथनंच एक पाईप पाझरत होता. तिथं पट्टी गुंडाळून भागत नाही. पाईप बदलावाच लागतो.

आता आमच्या पिंपळवंडीत ज्याच्या घरी टोमॅटो, त्याच्या घरी फवारणीचं मशीन, आणि त्याचा तो जाडजूड पिवळा पाईप. मशीन चालू केलं की हाताला हिसका बसतो एवढा पाण्याला जोर, पण पाईप फुटत नाही. मी त्याचा हातभर तुकडा कापला, जुनं रबर काढून लोखंडी टोकांवर चढवला आणि दोन्हीकडून क्लिपा आवळल्या.

पोरगा बघत होता. "आबा, इंजिन हाय ते. टोमॅटो न्हाई."

"तू गप. तुज्या जन्माच्या आधीपासून पाईप जोडतोय मी."

जीप चालू केली. थेंब नाही. दारात तशीच घुरघुरत ठेवली, तरी थेंब नाही. मी मुद्दाम पोराला हाक मारून खाली वाकून बघायला लावलं.

मंगळवारी नारायणगावला चक्कर मारली. येताना चढाला ऑइलचा लाल दिवा लागला. असा दिवा लागला की घर किती लांब आहे हे बघायचं नसतं, चावी बंद करायची. मी तिथंच बंद केली म्हणून इंजिन वाचलं. मागचा ट्रकवाला काय काय बोलला ते लिहीत नाही. बॉनेट उघडलं तर पिवळा पाईप उकडलेल्या रताळ्यासारखा मऊ होऊन क्लिपेतून निसटलेला, आणि सगळीकडं ऑइल. मी पाइपाची ताकद बघितली होती, ताप बघितला नव्हता. त्याला जोर सोसायची सवय होती, पण गार पाण्याचा.

पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. जीपला दोर बांधताना एवढंच म्हणाला, "झाली का फवारणी?"

मी दोराची गाठ परत एकदा आवळली.

बुधवारी दोन्ही जुने पाईप पिशवीत घालून नारायणगावला गेलो. तिथं जेसीबीचे, ट्रॅक्टरचे पाईप बनवून देणारं एक दुकान आहे. दुकानदारानं पाईप हातात घेऊन पहिलं विचारलं, "यातलं ऑइल गरम असतंय ना, पावणं?" सोमवारी हा प्रश्न मला पडला नव्हता.

"एकच खराब झालाय," मी म्हणलं.

"दोन्ही एका वयाचे हाईत. एक गेला, दुसरा किती दिवस थांबल?"

त्यानं जुन्याच्या मापाचं, गरम ऑइल सोसणारं रबर कापलं आणि मशीनवर लोखंडी टोकं दाबून दिली. बसवायचं कसं तेही सांगितलं. मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं, त्या दिवशी दोनदा विचारून घेतलं. कूलरचं तोंड नाजूक असतं. एका पान्यानं ते धरायचं आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा, नाहीतर तोंडच पिळवटतं. रबरी रिंग नवी घालायची, तिला ऑइलचं बोट लावायचं. नट आधी बोटांनी फिरवायचा, आटे नीट धरले की मगच पाना. आणि पाईप सायलेन्सरच्या नळीपासून लांब ठेवायचा.

तसंच केलं. नवं ऑइल भरलं. जीप चालू केली, लाल दिवा विझला. गाडी तापू दिली, बंद केली, जुन्या धोतराच्या पांढऱ्या फडक्यानं चारही जोड पुसले. फडकं कोरडं. त्याच चढावर दोनदा जाऊन आलो, परत पुसले. कोरडंच.

गुरुवारी आक्का मुकाट जीपमधे बसली. मला वाटलं, जिंकलं. पण घोडेगावला दवाखान्याच्या दारात तिनं जीपची कडी धरली ती सोडेना.

"माजा डोळा मी कुनाच्या हातात देनार न्हाई. तूच म्हणतोस ना, आपलं काम दुसऱ्याच्या हातात देऊ नाय?"

आयुष्यभर तेच म्हणत आलो होतो. नर्सबाई दारात उभी. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आक्का, ह्या गाडीला मी माज्या हातानं फवारणीचा पाईप लावला व्हता. रस्त्यात बसली. मग ज्याला कळतंय त्याच्याकडनं पाईप करून घेतले, तवा कुठं इथवर आली."

"फवारणीचा? गाडीला?"

"व्हय."

"टोमॅटोचा?"

"व्हय म्हणलं ना!"

ती कडी सोडून पदर तोंडाला लावून हसायला लागली. नर्सबाईनं तिचा दंड धरला, तरी हसतच होती. मी बाहेर बाकड्यावर बसलो. दार लागलं, तरी आतून तिचा आवाज येत होता, "अवो बाई, माज्या भावानं काय केलं सांगू का!"