धोंड्याच्या वाणाला जाळीचा हेडफोन

काकूंनी हेडफोन उचलला, ट्यूबलाइटसमोर धरला आणि एक डोळा मिटून त्याच्या आरपार पाहिलं. चहाची गाळणी विकत घेताना पाहतात तसं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "हाच घ्या. याले जाळी हाय."

चौदा वर्षं मी हेडफोन विकते आहे. निवडीचं हे कारण मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अमरावतीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात ऑडिओचं काउंटर माझ्याकडे आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा रेकॉर्डिंग स्टुडिओत नोकरी लागेल असं वाटलं होतं. लागली ती इथे. लोक तेच प्रश्न विचारतात, मी तीच उत्तरं देते, आणि शेवटी ते लाल रंगाचा घेऊन जातात. यामुळे माझा स्वभाव तिरकस झाला, असं मी म्हणते. आमचे शेठ म्हणतात, तो येतानाच तसा होता.

हे जोडपं परतवाड्याचं. मधुकरराव ढोके आणि शोभाकाकू. मधुकररावांचं तिकडे हार्डवेअरचं दुकान. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना होता आणि जावयाला अकोल्याहून धोंडे जेवायला बोलावलं होतं. वाण काय द्यायचं असं लेकीला विचारलं, तर तिने व्हॉट्सॲपवर यादीच पाठवली. मधुकररावांनी चष्मा चढवून ती मला वाचून दाखवली. क्लोज्ड बॅक. पन्नास एमएमचा ड्रायव्हर. माइक. लाइट. गेमिंगसाठी पाहिजे आणि गाणीही चांगली वाजली पाहिजेत. यादीत नसलेली अट त्यांनी तोंडी सांगितली. अडीच हजार, त्यावर एक रुपया नाही.

"पन्नास एमएमचा पाइप मी रोज विकतो," ते म्हणाले. "हा ड्रायव्हर काय असते, बाई?"

ड्रायव्हर म्हणजे कानाशी बसणारा छोटा स्पीकर. मोठा असला म्हणजे चांगला असतोच असं नाही, पण खोक्यावर मोठा आकडा छापायला बरा पडतो. लाइटचंही तेच. हेडफोन डोक्यावर असतो, ते लाइट घालणाऱ्याला दिसत नाहीत, शेजाऱ्याला दिसतात. अडीच हजारात लाइटला पैसे दिले की तेवढे आवाजातून कापले जातात. मी म्हटलं, लाइट सोडा.

मग ब्लूटूथ. जावई गेम खेळतो म्हटल्यावर मी ब्लूटूथचे सगळे डबे बाजूला सारले. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. याला लेटन्सी म्हणतात. गाणं ऐकताना काही फरक पडत नाही. गेममध्ये पडतो. शत्रू गोळी घालून मोकळा होतो आणि मग त्याच्या पावलांचा आवाज येतो. मधुकररावांना हे लगेच पटलं. त्यांच्या दुकानातही उधारीवाला निघून गेल्यावरच तो आला होता असं कळायचं म्हणे.

मी वायरचे तीन काढले, तिन्ही क्लोज्ड बॅक. म्हणजे कानावरच्या वाट्या मागून बंद, डब्याच्या झाकणासारख्या. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. मधुकररावांनी प्रत्येक हेडफोन तळहातावर तोलला. एकाची वायर मुठीला गुंडाळून ताणायला लागले तेव्हा मी तो हातातून काढून घेतला.

"जावईबापू कसले गेम खेळतात?" मी विचारलं. गेमप्रमाणे सल्ला बदलतो, म्हणून.

मधुकररावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मले नाई माहीत, बाई. आमी अकोल्याले गेलो का तो कानात ते बोंडं घालून बसते. हो आन् नाई, दोनच शब्द. दिवायीले मी मनानं सफारीचं कापड देल्लं, ते अजून प्लास्टिकात हाय. आता त्याच्या मनासारखं देतो. मंग तरी बोलन."

मला वाईट वाटलं. जो माणूस आधीच ऐकत नाही त्याच्या कानाला हे आणखी मोठं झाकण विकत घेत होते. पण काउंटरवरच्या माणसाने असलं बोलायचं नसतं.

तेवढ्यात काकूंची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे एक ओपन बॅक हेडफोन धूळ खात होता. दोन वर्षं कोणी विचारला नव्हता. ओपन बॅक म्हणजे वाट्यांना मागे झाकण नाही, नुसती जाळी. त्यामुळे आवाज कानात कोंडत नाही, अंगणात बसून ऐकल्यासारखा मोकळा येतो. गाण्यातला तबला कुठे आहे ते कळतं, गेममधली पावलं डावीकडून की मागून तेही कळतं. त्या किमतीत माझ्या मते तोच सगळ्यात चांगला होता. फक्त एक भानगड. घातल्यावर घरातलं सगळं ऐकू येतं, आणि आपण काय ऐकतो ते घराला ऐकू जातं. भरल्या घरात ही वस्तू कोण घेणार?

"यादीत क्लोज्ड लिहिलंय, काकू," मी म्हटलं. "हा बरोबर उलटा आहे. बाहेरचा सगळा आवाज आत येईल."

"येऊ द्या," काकू म्हणाल्या. "अधिकाचं वाण जाळीदारच लागते. अनारसे काहून देतात? बत्तासे काहून देतात? जाळी असते म्हणून. बंद डबा देऊन कसं चालन? आन् तेहतीस द्या लागतात."

तेहतीस ऐकून शेठ गल्ल्यावरून उठून आले. अनारसे तेहतीस, हेडफोन एकच, असा खुलासा काकूंनी केल्यावर ते परत जाऊन बसले. जाता जाता मला म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक मांगते ते द्या ना. दोन साल झाले त्याले."

मी दिला. त्याला माइक नव्हता, म्हणून कॉलरला लावायचा छोटा माइक जोडून दिला. अडीच हजारात बसलं. पण मला पुढचं दिसत होतं. म्हणून मी बिलावर लिहिलं, ओपन बॅक आहे, समजावून सांगितलं आहे, बदलून मिळणार नाही, आणि त्याखाली मधुकररावांची सही घेतली.

आठ दिवसांनी जावई आला. अनिकेत नाव. उंच, सडपातळ, खांदे पाडून उभा राहणारा. खोकं काउंटरवर ठेवून त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, हा बदलून क्लोज्ड मिळेल का?

मी बिल दाखवलं. तरी एकदा तपासून घेऊ म्हणून दुकानातला लॅपटॉप दिला. त्याने गेम लावून पाहिला, गाणं लावून पाहिलं. आवाजाबद्दल काही तक्रार नव्हती. इतकी बारीक पावलं आपण कधी ऐकली नव्हती, असंही त्याने कबूल केलं.

"मग काय बिघडलं?"

"बाहेरचं ऐकू येतं."

"तो बिघाड नाही. तो तसाच असतो. तुमच्या सासूबाईंना सांगूनच दिलाय."

तो खोक्याच्या कडेवरून नख फिरवत राहिला. मला वाटलं, आता भांडेल. त्याऐवजी त्याने धोंड्याच्या दिवसाचं सांगितलं. जेवणं झाल्यावर वाणाचं ताट आलं, सगळ्यांसमोर हेडफोन दिला गेला. घालून दाखव म्हणाले, म्हणून याने पुढच्या खोलीत बसून लॅपटॉपवर गेम सुरू केला. सासू-सासरे मागे दारातच बसले होते. एवढे मोठे हेडफोन कानावर म्हटल्यावर याला काही ऐकू येत नाही असं त्यांनी धरलं. आणि मधुकरराव बोलायला लागले. अनिकेतने ते शब्द मला जसेच्या तसे सांगितले.

"आता बोलाले हरकत नाई, त्याले ऐकू नाई येत. मी लय बोअर करतो काय वं त्याले? माह्यापाशी खिळे आन् पाइप सोडून दुसरी गोठच नाई. पोरगं गुणाचं हाय. मलेच बोलता नाई येत त्याच्यासंगं."

"मग तुम्ही काय केलं?"

"काही नाही. खेळत राहिलो. हरलो."

दुकानात गर्दी नव्हती. मी काही विचारलं नाही, तरी तो पुढे बोलत गेला. "मॅडम, माझा त्यांच्यावर काही राग नाही ओ. मले मोठ्या माणसासमोर काय बोलावं तेच सुचत नाही. म्हणून कानात घालून बसतो. पुष्कळदा तं गाणं सुरूही नसते. आता हे ऐकल्यापासून त्यांचा फोन आला का बायकोच्या हातात देतो. म्हणून म्हटलं, बंदवालाच बरा."

काउंटरवरच्या माणसाने बोलायचं नसतं, हा माझा नियम मी त्या दिवशी मोडला. "दोन माणसं एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नाही म्हणून गप्प बसली आहेत," मी म्हटलं, "आणि तुम्ही माझ्याकडे वर आणखी झाकण मागताय. मिळणार नाही. घरात काही बिघडलंय का?"

"म्हणजे?"

"नळ, कडी, बिजागरी. काहीही."

त्याने विचार केला. "बाथरूमचा नळ गळतो."

"मग लावा फोन."

त्याने तिथेच उभं राहून लावला. मधुकररावांचा आवाज मला कोणत्याही हेडफोनशिवाय पलीकडून ऐकू येत होता. आधी त्यांनी घाबरून विचारलं, हेडफोन खराब निघाला काय? अनिकेत म्हणाला, नाही बाबा, हेडफोन चांगला आहे, नळ गळून राहिला, कोणता वायसर लागते?

त्यानंतर वीस मिनिटं मधुकरराव बोलले. रबरी आणि नायलॉनच्या वायसरांमधला फरक. मुख्य कॉक आधी बंद करायचा. पाना कुठून धरायचा. अनिकेत माझ्या काउंटरवर कोपर टेकून "हो बाबा" म्हणत होता आणि माझ्याच बिलबुकाच्या मागे लिहून घेत होता. मागे दोन गिऱ्हाइकं थांबली. शेठ लांबून हातवारे करायला लागले. शेवटी पलीकडून आलं, "तू हात नको लावू. रविवारी मीच येतो." अनिकेतचा चेहरा उतरला. पण "या" म्हणाला. मग खोकं उचललं आणि अकोल्याच्या गाडीला निघून गेला. बदलून द्यायचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही.

महिन्याभराने मधुकरराव माल घ्यायला अमरावतीत आले होते तेव्हा दुकानात डोकावले. हेडफोन कसा आहे, मी विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. नळाचं मात्र त्यांनी सविस्तर सांगितलं.

"गेलो अकोल्याले. नळ खोलून पाहतो तं वायसर नवाकोरा. मी फोनवर सांगतला होता तसाच, बरोबर बसवेल. पोरानं आधीच बदलला होता, बाई. मंग आटा ढिला करून ठेवला होता, मी आल्यावर गळाले पाह्यजे म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणतो? आटा घट्ट कराचा होता." ते चष्मा पुसायला लागले. "दीड तास लावला. तो बाजूले बसून पाने देत होता."

शेठना यातलं फक्त एवढंच कळलं की जाळीवाला खपतो. त्यांनी धोंडा स्पेशल म्हणून सहा मागवले. ते येईपर्यंत अधिक महिना संपला होता. पुढचा यायला तीन वर्षं आहेत.

मीही एक सवय बदलली. आता हेडफोन मागायला कोणी आलं की बजेट नंतर विचारते. आधी विचारते, हा घातल्यावर कोणाचा आवाज ऐकू यायला नको आहे? बहुतेक लोक सोबत आलेल्या माणसाकडे पाहतात. मग मी जाळीवाला काढते. सहातले दोन गेले.