भिंगरीचे नवे बूट

माझ्या लेकीला सांभाळणाऱ्या बाईंना सगळी इमारत मावशी म्हणते. पूर्वी त्या कापडाच्या कारखान्यात होत्या. खोकला जडला, काम सुटलं आणि पोटासाठी दुसऱ्यांची मुलं कडेवर आली. त्यांची स्वतःची मुलगी घटकाभर एका जागी ठरत नाही, म्हणून ती भिंगरी. तीही आईबरोबर आमच्याकडेच येते, माझ्या लेकीचे आखूड झालेले बूट घालून.

मग सरकारने गरीब घरांतल्या मुलांसाठी दरमहा अनुदान सुरू केलं. मला मनापासून बरं वाटलं. कॉलेजात अर्थशास्त्र शिकले होते. अशा पैशाने वरच्या-खालच्यांतलं अंतर थोडं तरी मिटतं, एवढं आठवत होतं. आणि भिंगरीच्या पायात दिवे लागणारे नवे बूट आले. माझी लेक तसल्याच बुटांसाठी हटून बसली. "सरकार आपल्यापेक्षा जास्त लाड करतंय," नवरा हसला.

त्याच आठवड्यात मावशींनी दरवर्षीप्रमाणे पगारवाढ मागितली. नवऱ्याचं म्हणणं पडलं, आता वरून मिळतंय ना, मग आपण कशाला वाढवायचा? मी त्याला विरोध केला नाही. मावशींना म्हटलं, बघू.

त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, ते पैसे पोरीचे. पगार माझ्या कामाचा."

पटलं. तरी दोनदा पुन्हा "बघू"च म्हणाले. म्हणजे सरकारने एका हाताने दिलं ते आम्ही दुसऱ्या हाताने अडवलं. मग अंतर मिटलं कुठे?

आज निघताना मावशी म्हणाल्या, एका दवाखान्याच्या पाळणाघरात जागा आहे. पहिला महिना शिकायचा, बिनपगारी. पूर्वी असा महिना झेपलाच नसता. आता अनुदानावर चूल तरी पेटती राहील.

माझी लेक त्यांच्याशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नाही. मी तिथल्या तिथे पगार वाढवला, त्यांनी मागितला होता त्याहून जास्त. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

मावशींनी भिंगरीच्या बुटाचा पट्टा लावला. आवाजात टोमणा नव्हता.

"बघू, ताई."

दिवे लुकलुकत जिना उतरून गेले. ती नोकरी त्यांना मिळावी असं मला खरंच वाटतं. मिळू नये असंही वाटतं. लेकीच्या आखूड बुटांची पिशवी दाराशी तशीच पडून आहे. ती आता कुणाला द्यायची, तेही सुचत नाही.